पहिला खिसा

"पण पहिल्या खिशात काय घालायचं, तेवढंच सांगा ना बुवा."

विदुलाताई हे तिसऱ्यांदा विचारत होत्या. बुवा सुईत दोरा ओवत होते. त्यांनी सुई उन्हाकडे धरली, एक डोळा मिटला, आणि दोरा पुन्हा चुकला.

"काय काय आणलंयस?"

"सगळं."

सगळं म्हणजे खरोखरच सगळं होतं. दोन पत्र्याच्या पेट्या, चार जाड रजिस्टरं, आणि खांबाला टेकवून बसवलेले वडील, नाना.

गुंडोबुवांनी उभा जन्म छापखान्यात पुस्तकं बांधली. आता तळ्याकाठच्या मठीत, ओसरीवर बसून ते खिशांच्या वह्या शिवतात. जाड कापडाचं पान, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचे नऊ खिसे. एका खिशात एक फोटो, नाहीतर बसचं तिकीट, नाहीतर बाळाच्या जावळाची बट. शेजारी एक छोटं कार्ड, त्यावर दोन ओळी लिहायच्या. लोक लांबून येतात, घरच्या आठवणी कशा ठेवायच्या ते शिकून जातात.

बुवा एका वेळी एकच पान देतात. ते भरून आणलं की दुसरं शिवून जोडतात.

मी नोकरीतून मोकळा झाल्यापासून तिथे चिकटवायची खळ शिजवतो. दुसरं काही मला येत नाही.

विदुलाताईंनी त्यांचं पान अकरा वर्षांपूर्वी नेलं होतं. ते आज परत आलं होतं. कोरं.

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.

"अकरा वर्षं काय केलंस?" बुवांनी विचारलं.

"यादी."

त्यांनी रजिस्टरं पुढे सरकवली. कुठला फोटो कुठल्या सालचा, कुणाच्या लग्नातला, मागे कोण उभं आहे, सगळं ओळीनं. अक्षर तर असं की बघत राहावं. बाई सरकारी दफ्तरखान्यात मोठ्या अधिकारी होत्या.

"मी अख्ख्या संस्थानांची दफ्तरं लावली आहेत, बुवा. मला शिस्त शिकवू नका. फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगा."

"तू कुठून करणार होतीस?"

"अर्थात पहिल्या माणसापासून. आजीपासून. नानांची आई. पण तिचा फोटोच नाही. नाना सात वर्षांचे असताना ती गेली. तिची साडी नाही, भांडं नाही, हाताचं अक्षर नाही..."

"म्हणून पहिला खिसा अडला."

"पहिलाच रिकामा ठेवून पुढे कशी जाऊ?"

बुवांनी पान उचललं. अगदी कोरं नव्हतं ते. पहिल्या खिशात एक चिठ्ठी होती. 'आजी. फोटो उपलब्ध नाही.' खाली सही आणि तारीख.

वैशाख होता. तळ्याकाठच्या सावरीची बोंडं फुटली होती आणि दुपारभर कापूस उडत होता. वारा जाणवत नव्हता, तरी तो ओसरीतून यायचा, आपल्या खांद्यावर जरा टेकायचा आणि निघून जायचा. तळं दिसत होतं की नुसता उजेड, ते सांगता आलं नसतं. अशा दुपारी मला नेहमी वाटतं की आपण कुणाच्या तरी झोपेत बसलो आहोत.

नाना तो कापूस बघत होते. इतक्या प्रेमानं बघत होते की मी खळ ढवळायची विसरलो.

"नानांना विचारलंस का, आई कशी होती?"

"विचारलं तर! पद्धतशीर विचारलं. प्रश्नावलीच केलीय मी. बासष्ट प्रश्न आहेत."

"मग?"

बाईंनी रजिस्टरं परत आपल्याकडे ओढली.

"सातव्या प्रश्नाला म्हणाले, बाई, तुम्ही जनगणनेच्या का?"

...

मघाशी हसलो होतो त्याची मला लाज वाटली.

"घाई आहे बुवा," त्या खाली बघून म्हणाल्या. "सकाळी चहा दिला, तर म्हणाले, तुमच्या घरी कोण कोण असतं? डॉक्टर म्हणतात, अजून थोडे महिने. मग मी कोण ते कायमचंच जाईल. त्याच्या आत मला त्यांच्या हातात ही वही द्यायचीय. उघडली की दिसेल, ही आई, हे बाबा, ही मी. पण पहिलं पानच होत नाही..."

बुवांनी सुई खाली ठेवली.

दोन बोटांनी त्यांनी खिशातली चिठ्ठी ओढून काढली, आणि सरळ नानांच्या मांडीवर टाकली.

"अहो, ती नोंद आहे!"

"असू दे."

नानांनी चिठ्ठी उचलली. वाचली नाही. उलटी केली, मांडीवर ठेवली आणि तळहातानं सपाट केली. मग एक कोपरा दुमडला.

"नाना, चुरगाळू नका ना ते!"

बुवांनी हात वर केला.

नाना घडी घालत होते. एक कोपरा, मग समोरचा, घडीवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. बोटं चुकत नव्हती. मधे थांबून त्यांनी डाव्या तळव्यातून चिमूटभर काहीतरी घेतलं. तळव्यात काही नव्हतं. ते काही नसलेलं त्यांनी जपून कागदात सोडलं, दोन बोटं एकमेकांवर झटकली, आणि कागदाची जीभ आत खोचली.

छान टुमदार पुडी झाली. दोऱ्याशिवाय बसलेली.

"विदे," नाना म्हणाले.

बाईंनी मान वर केली. त्या हाकेनं त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

"ही घे. मधल्या सुट्टीत खा. वाटेत उघडू नकोस, साखर सांडते. माझी आई रोज देते मला."

त्यांनी पुडी लेकीच्या ओंजळीत ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटली.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत हो हे..." बाई म्हणाल्या. "एकदाही नाही..."

नाना उठले होते. भिंतीला धरत धरत पायरीकडे निघाले होते.

बुवांनी पहिल्या खिशाचं तोंड दोन बोटांनी उघडून धरलं. बाईंनी पुडी आत सरकवली. खिसा जरा फुगला. सपाट फोटोंसाठी शिवलेला होता तो, पण बसली पुडी.

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि सवयीनं पेन उघडलं.

"कार्डावर काय लिहू बुवा? आजी लिहू? की नाना? आजी रोज देते म्हणाले... देते. मग साल कुठलं घालू? यात नक्की कोण आहे?"

बुवा पायरीकडे बघत होते.

तिथे नाना वाकले होते. लेकीच्या चपला त्यांनी सरळ केल्या, जोडीनं पायरीखाली ठेवल्या, आणि रस्त्याकडे तोंड करून, लेकीनं धरावा म्हणून एक हात मागे करून वाट बघत उभे राहिले. त्यांच्या पांढऱ्या केसांवर कापूस साचत होता.

"बुवा, काय लिहू?"

बुवांनी बाईंच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"ते मागाहून. आधी शाळेत जा. उशीर होतोय."