‘टेक’चे चाळीस अर्थ

घोलपमास्तरांच्या इंग्रजीच्या वर्गाची तालुकाभर वाहवा होती आणि तीच संस्थानच्या तपासनीस साहेबांना खुपत होती. साहेब तपासणीला आले तेव्हा वर्गातल्या वेणूने ‘टेक युअर सीट, सर’ म्हणत खुर्ची पुढे केली. पण साहेब खूश होतील कसले!

“या ‘टेक’चे अर्थ सांग,” त्यांनी तिलाच धरलं.

वेणूने वाक्यं करून सात सांगितले.

“माझ्या वहीत चाळीस आहेत! चाळीस पाठ नाहीत म्हणजे इंग्रजी येत नाही. हा वर्ग उद्यापासून बंद!”

वेणूचे डोळे भरले. मास्तर मात्र ताठ उभे राहिले.

“साहेब, आपल्या या उपरण्याचे उपयोग किती?”

“किती म्हणजे? खांद्यावर घ्यायचं, झालं!”

“आल्यापासून मी बघतोय. आपण त्याने खुर्ची झटकलीत, घाम पुसलात, वारा घेतलात, चष्मा पुसलात आणि अंगणातले चार पेरूही त्याच्याच टोकाला बांधलेत. हे सगळं कुठल्या वहीतून पाठ केलंत?”

साहेबांनी पेरूंची गाठ हळूच पाठीमागे सरकवली.

“वापरता वापरताच आलं ना? माझी पोरंही शब्द तसेच शिकतात. आज सात वापरतात, उरलेले तेहतीस गरज पडेल तसे वापरतील.”

साहेबांनी मुकाट्याने शेरा लिहिला, ‘वर्ग चालू ठेवावा.’ पण हसू काही आवरेना, म्हणून त्यांनी उपरण्याचं दुसरं टोक तोंडावर धरलं.

तोच वेणूचा खणखणीत आवाज आला, “मास्तर, सहावा उपयोग!”