शेजाऱ्याच्या हातातली तलवार

फार पूर्वी भर समुद्रात एक किल्ला होता. चारी बाजूंनी खारा वारा. लखलखीत पुसून ठेवलेल्या पात्यावरही चार दिवसांत तांबूस ठिपके धरत. त्या किल्ल्याला शत्रूइतकीच गंजाची भीती होती.

किल्ल्यावर शंभर शिपाई होते आणि त्यांच्या हत्यारांवर नजर ठेवायला पायाजी नावाचा जमादार. आधीचे जमादार ओरडत, शिव्या देत. शिपाई तेवढ्यापुरती दिसणारी बाजू घासून मोकळे होत. पायाजीने कधी आवाज चढवला नाही. त्याने वेगळीच रीत घातली. दर सोमवारी सकाळी तो सगळ्यांना रांगेत उभं करी आणि म्हणे, "आपापली तलवार उजवीकडच्याला द्या."

मग प्रत्येकाने शेजाऱ्याच्या तलवारीने केळीचा खुंट तोडायचा. वार नीट बसला नाही, तर पायाजी तलवारीच्या मालकाकडे वळून विचारी, "उद्या याचा जीव या तलवारीवर असला, तर?" बस, एवढंच. पण त्या माणसाची मान खाली जाई. शिवाय त्याने तलवार जमा करायची आणि आठ दिवस शिकलगाराच्या ओट्यावर बसून सगळ्यांची पाती घासायची, धार लावायची.

या शंभरांत गोमाजी नावाचा शिपाई होता. अंगाने धिप्पाड, स्वभावाने हसरा. त्याची तलवार आजवर एकदाही नापास झाली नव्हती, आणि हे तो दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला सांगे.

एकदा त्याने दमट झालेली तलवार वाळावी म्हणून चुलीजवळ टेकवून ठेवली आणि गप्पांच्या नादात विसरला. पातं मुठीत लाखेने बसवलेलं असतं. धगीने लाख मऊ झाली आणि मूठ हलू लागली. लगेच शिकलगाराकडे नेली असती, तर घटकाभराचं काम होतं. पण लोक काय म्हणतील? 'गोमाजीची तलवार आणि ओट्यावर?' त्याने मुठीवर लाल कापड गच्च आवळून बांधलं. तो सोमवार निभावला. गोमाजीला वाटलं, सुटलो.

पुढच्या सोमवारी पुन्हा रांग लागली. गोमाजीची तलवार उजवीकडच्या हैबतीच्या हातात गेली. हैबती त्याचा जिवाभावाचा मित्र, महिनाभरापूर्वीच बाप झालेला. तलवारी बदलून होतात न होतात, तोच बुरुजावरून शिंग वाजलं.

"चाचे आले! धक्क्याला होड्या लागल्या!"

"हातात आहे ते घ्या आणि पळा!" पायाजी ओरडला. त्या दिवशी पहिल्यांदाच लोकांनी त्याचा चढलेला आवाज ऐकला.

सगळे पायऱ्यांकडे धावले. हैबती पायाचा हलका, तो सगळ्यांच्या पुढे. गोमाजी मागून पळत होता आणि त्याच्या मनात चाललं होतं, 'कापड गच्च आहे. एक वार तरी निघेल. कदाचित दोन निघतील.' ओरडावं, तर शंभर जणांसमोर अब्रू जाणार. गप्प राहावं, तर कुणाला कळणारही नाही.

मग त्याला पायऱ्या उतरणारी हैबतीची पाठ दिसली, आणि तो ओरडला,

"हैबती, थांब! ती तलवार नको! मूठ सुटलीय तिची! मी लपवून ठेवलं!"

धावणारे पाय क्षणभर थबकले. हैबतीने मागे वळून पाहिलं. गोमाजीने आपल्या हातातली धड तलवार त्याच्या हातात कोंबली, ती सैल तलवार घेऊन बाजूला टाकली, कोपऱ्यात पडलेलं वल्हं उचललं आणि धक्क्यावर उडी घेतली.

खाऱ्या वाऱ्यातली हत्यारं बोथटच असणार, अशा अटकळीने चाचे आले होते. पण समोर एकूण एक तलवार धारदार निघाली. गोमाजीने वल्ह्याने दोघांना पाण्यात लोटलं; त्याच्या दंडावर एक वारही बसला. थोड्याच वेळात चाच्यांनी होड्या मागे वळवल्या.

परत येताना हैबतीने पायरीवरची ती तलवार उचलली आणि कठड्यावर नुसती आपटली. पातं खणकन खाली पडलं. मूठ तेवढी हातात राहिली.

किल्लेदाराने सगळी हकीकत ऐकली आणि मनगटातलं कडं काढून गोमाजीपुढे धरलं. "शाबास रे गड्या! शिक्षा तुला माफ."

पायाजी पुढे झाला. "धनी, कडं जरूर द्या. त्याने अब्रूवर पाणी सोडून मित्र वाचवला. पण शिक्षा माफ करू नका. ही माफ झाली, तर पुढच्या सोमवारी मी कुणाला काय विचारू?"

"जमादार बरोबर बोलतात, धनी," गोमाजी म्हणाला. "आधी माझे आठ दिवस भरू द्या. कडं मग बघू."

"आणि आठ दिवस माझेही," पायाजी म्हणाला. "मागच्या सोमवारी मुठीवरचं कापड मला दिसलं होतं. गोमाजीची तलवार म्हणून मी ते सोडून बघितलं नाही." त्याने कमरेची तलवार काढली आणि किल्लेदाराच्या पायाशी ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसले. एकाने लाख तापवायची, दुसऱ्याने पातं धरायचं. येणारे जाणारे शिपाई थांबून बघत. हसलं मात्र कुणी नाही.

चौथ्या दिवशी हैबती आला. त्याने आपली तलवार गोमाजीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मूठ जरा बघ रे. तुझ्या हातची पक्की असेल."

तात्पर्य: ज्या कामावर दुसऱ्याचा जीव विसंबलेला असतो, त्यातली चूक झाकू नये, आणि इतरांना जाब विचारणाऱ्याने स्वतःलाही त्यातून वगळू नये.