मॅगझिनचे ओठ

“मग टिकतं कोण, उस्ताद? पोलाद की प्लास्टिक?”

दिगंबर साबळेने तिसऱ्यांदा विचारलं. नुसता विचारण्याचा सूर. उत्तर त्याच्याकडे तयार होतं, अकरा पानी अहवालात.

लतीफ मणेर मान वर न करता रायफलीचा बोल्ट पुसत राहिले. राखीव पोलिसांच्या त्या तळावर त्यांनी चौतीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या होत्या. शिपायापासून समादेशकापर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर दिगंबर बसणार होता. नऊ वर्षं तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आता आपल्याला सगळं येतं असं त्याला वाटे. ते बरंचसं खरंही होतं.

“वाच,” उस्ताद म्हणाले.

दिगंबरने वाचलं. नव्या रायफलींच्या प्लास्टिकच्या भागांची तीन वर्षांत काय गत झाली ते. दस्त्यांना चिरा. नळीभोवतीचं आवरण उन्हाने पांढरं पडलेलं. डास पळवायच्या तेलाने मुठी चिकट झालेल्या. आणि मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, चाळीसपैकी नऊ तडकलेली. पत्र्याची मॅगझिनं मात्र चाळीसच्या चाळीस ठणठणीत.

“शेवटी असं लिहिलंय,” तो म्हणाला, “की यापुढे सगळे भाग धातूचेच घ्यावेत. तुमची सही झाली की समादेशकसाहेबांकडे जातो.”

“चाळीसच्या चाळीस?”

“एकही बाद नाही.”

उस्तादांनी बोल्ट खाली ठेवला.

“दोन घेऊन ये. एक हे, एक ते.”

दिगंबरने फळीवरून हाताला येतील ती दोन उचलली. एक काळं प्लास्टिकचं, एक पत्र्याचं.

“टाक खाली.”

“खाली?”

“फरशीवर. छातीएवढ्या उंचीवरून.”

त्याने टाकली. प्लास्टिकच्या मॅगझिनचा बुडाचा एक टवका उडून टेबलाखाली गेला. पत्र्याचं बुडावर आपटलं, खणकन वाजलं, आडवं झालं. त्याच्यावर ओरखडाही नव्हता.

दिगंबर हसला. “बघितलंत?”

“मी बघितलं. आता तू बघ.”

“बघतोच आहे की.”

“डोळे मिटून.”

…

उस्तादांनी पत्र्याचं मॅगझिन त्याच्या हातात दिलं आणि त्याचा अंगठा धरून वरच्या तोंडाशी नेला. तिथे पत्र्याच्या दोन कडा आत वळलेल्या असतात. त्यांना ओठ म्हणतात. काडतूस त्या दोन ओठांखाली दाबून धरलेलं असतं, आणि सुटायचं तेव्हाच सुटतं.

दिगंबरने डोळे मिटून डावा ओठ चाचपला. मग उजवा. मग पुन्हा डावा.

“डावा… किंचित बाहेर आहे.”

“आत्ता झाला?”

“नाही. आत्ता ते बुडावर पडलं. हे आधीचंच आहे.”

“नंबर काय?”

त्याने डोळे उघडले. पत्र्यावर सतरा कोरलेलं होतं.

दिगंबरने अंगठा त्या आकड्यावर ठेवला.

आदल्या वर्षी एप्रिलमध्ये जंगलातल्या एका गस्तीवर गोळीबार झाला होता. लालसू आत्राम नावाच्या शिपायाची रायफल दुसऱ्याच गोळीला अडकली. वीस मिनिटं तो एका मोहाच्या झाडामागे रिकाम्या हातांनी पडून राहिला. तुकडी पोहोचली, आणि तो धडधाकट परत आला. चौकशीत सतरा नंबरचं मॅगझिन दिगंबरकडे तपासायला आलं. त्याने ते निरखलं, काडतुसं भरून चालवून पाहिलं आणि ठीक असल्याचं लिहिलं. दोष शिपायाच्या साफसफाईत आहे, हेही त्यानेच लिहिलं. आत्रामला पंधरा दिवस जादा परेड लागली, सेवापुस्तकात शेरा पडला. उस्ताद तेव्हा बायकोच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. हे प्रकरण त्यांनी नुसतं उडत उडत ऐकलं होतं.

“हे आत्रामचं,” शेवटी दिगंबर म्हणाला.

“तेव्हा तपासलं होतंस?”

“चालवून बघितलं होतं. एकदाही अडकलं नाही.”

“किती भरून?”

“पाच.”

“त्याने किती भरली होती?”

“अठ्ठावीस.”

उस्तादांनी बिनदारूच्या, सरावाच्या काडतुसांचा डबा पुढे सरकवला.

दिगंबर एकेक काडतूस दाबत गेला. पाच. दहा. पंधरा. आतली स्प्रिंग घट्ट होत गेली. बाविसाव्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. तेविसावं दाबलं आणि अंगठा काढला, तसं वरचं काडतूस डाव्या ओठाखालून निसटून वाकडं उभं राहिलं.

बाहेर मैदानावर कवायतीची शिट्टी वाजत होती.

“दोन्ही जातात, दिगू,” उस्ताद म्हणाले. “जाताना कोण सांगून जातं, एवढंच बघायचं.”

दिगंबरने अहवाल उलटा करून ठेवला.

“मी त्याच्या नावावर लिहिलं, उस्ताद. न मोजता. ओठ मोजायचं गेज या कपाटातच होतं. मला वाटलं, नजरेला कळतंय ते कशाला मोजायचं…”

उस्तादांनी कपाटाकडे नुसतं पाहिलं.

“आता काय करू?”

“तुकडी कधी निघतेय?”

“उद्या सकाळी सहाला.”

“आत्राम आहे तीत?”

“आहे.”

उस्तादांनी ते वाकडं काडतूस तसंच राहू दिलं. मॅगझिन उचलून दिगंबरच्या हातात ठेवलं आणि पुन्हा बोल्ट पुसायला घेतला.

बराकीत आत्राम खाटेवर रायफल उलगडून बसला होता. तीस-एक वर्षांचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. दिगंबरला बघून तो उठायला लागला.

“बस. साफ करतोयस?”

“हो साहेब.”

“आज केली नव्हतीस?”

“दोनदा केली. ही तिसरी.”

“रोज तीनदा?”

“वर्ष झालं,” आत्राम म्हणाला. “त्या दिवशी कुठे मळ राहिला ते मला अजून सापडलं नाही साहेब. म्हणून करतो.”

दिगंबर त्याच्या शेजारी खाटेवर बसला. मॅगझिन त्याच्यापुढे धरलं.

“मळ नव्हता,” तो म्हणाला. “हे बघ. हा ओठ वाकलाय, तू भरल्यानंतर गस्तीत कुठेतरी आपटून. पूर्ण भरलं की काडतूस निसटतं. मी पाचच भरून बघितलं आणि तुझ्या नावावर लिहिलं. चूक माझी होती.”

आजूबाजूच्या खाटांवरचं बोलणं थांबलं. दिगंबरने आवाज खाली केला नव्हता.

आत्रामने मॅगझिन घेतलं. वाकड्या काडतुसाकडे बराच वेळ पाहिलं. मग ते काढलं, पुन्हा दाबलं. पुन्हा निसटलं. त्याने आणखी एकदा करून पाहिलं.

“म्हणजे माझ्या हातात खोट नव्हती.”

“नव्हती.”

“बायकोला सांगितलं होतं मी. म्हटलं, माझ्याच हातात काही आहे. पोराला खेळवायला घेतलं तरी वाटायचं, पडेल.”

मग आत्राम स्वतःशीच हसला, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्याने तिसरी सफाई अर्धी टाकून रायफल जोडायला घेतली.

“मला उद्या प्लास्टिकचं मॅगझिन द्या साहेब,” तो म्हणाला. “तडकलं तर मला दिसेल तरी.”

“देतो. आणि शेऱ्याचं मी आजच लिहितो.”

“तुमच्या नावावर येईल ते.”

“येऊ दे.”

त्या दुपारी दिगंबरने कपाटातून गेज काढलं. पत्र्याचं एकेक मॅगझिन मोजलं. चाळीसपैकी अकरांचे ओठ वाकलेले निघाले. त्यातल्या एकावरही बाहेरून खूण नव्हती. ती अकरा, आधीची तडकलेली नऊ आणि फरशीवर टवका उडालेलं एक, सगळी त्याने एकाच खोक्यात टाकली, आणि तुकडीसोबत जाणारं प्रत्येक मॅगझिन पूर्ण भरून, चालवून पाहिलं. अहवालातला पत्र्याच्या मॅगझिनांचा आकडा दुरुस्त केला, शेवटचं वाक्य खोडून तिथे लिहिलं, ‘भाग कशाचाही असो, गेज लावल्याशिवाय ठीक म्हणू नये.’ मग कोरा कागद घेऊन समादेशकांना पत्र लिहिलं. त्यात आत्रामचं नाव दोनदा होतं, स्वतःचं पाचदा.

उस्तादांनी दोन्ही कागद वाचले. अहवालावर सही केली. पत्रावर केली नाही.

“हे तुझं तूच दे,” ते म्हणाले.

समादेशकांनी दिगंबरला उभं करून चांगलंच सुनावलं. त्याच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली, आणि आत्रामच्या पुस्तकातला शेरा लाल रेघ मारून रद्द झाला. वीस दिवसांनी तुकडी परत आली, सगळी. आत्रामने येताना वाटेतल्या आपल्या घरून मोहाच्या फुलांचे लाडू आणले होते, बायकोने दिलेले. रायफल जमा करताना त्याने आपणहून सांगितलं, की प्लास्टिकच्या मॅगझिनला चौथ्या दिवशी कोपऱ्यात चीर दिसली, म्हणून त्याने ते बदलून घेतलं. आणि तिथल्या ओलीत स्प्रिंगला गंज धरतो, तेव्हा आतूनही तेलाचा हात फिरवायला हवा. दिगंबरने ते वहीत उतरवून घेतलं.

महिनाअखेर उस्तादांना शाल-श्रीफळ मिळालं. भाषणं झाली. त्यांनी स्वतः भाषण केलं नाही, लाडू मात्र दोन खाल्ले.

सगळे पांगल्यावर ते कार्यशाळेत आले. किल्ल्यांचा जुडगा दिगंबरच्या हातात दिला, टेबलावरून एकदा हात फिरवला आणि चपला घालायला दाराशी बसले. चेहरा निवांत होता.

दिगंबर त्यांच्या पाया पडला.

“उस्ताद, नऊ वर्षं अडलं की तुमच्याकडे येत होतो. आता अडलं तर विचारायचं कुणाला?”

उस्तादांनी चपलेचा पट्टा ओढून बसवला.

“आत्रामला.”