वेदीपुढची कमान

भाविकहो, इंग्लंडातल्या हॉर्नवेल नावाच्या खेड्यात आठशे वर्षांपूर्वी एल्विन नावाचे सत्पुरुष राहत. तिकडचे लोक त्यांना काय म्हणत ते म्हणोत, माझ्या तोंडी महाराजच येतं. गावातलं लाकडी चर्च कुजून गेलं, तेव्हा महाराजांनी दगडी चर्च बांधायला घेतलं. गावकऱ्यांनी खाणीतून दगड ओढून आणले, अकरा वर्षं खपून भिंती आणि मनोरा उभा केला. राहिली होती वेदीपुढची मोठी कमान.

कमानीची उजवी बाजू गावचा म्हातारा गवंडी एड्रिक रचत होता. नजर अधू झालेली. बिचारा दगडाची कड बोटांनी चाचपून बघायचा. डावी बाजू शहरातून आलेल्या रॉजरकडे. काय त्याचा तोरा!

"महाराज, या आंधळ्याला घरी बसवा. वर चिमणी बसली तरी याचं काम कोसळेल!" तो म्हणे, आणि लोक हसत.

"त्याची सेवा आहे ती, चालू दे," महाराज म्हणाले.

माथ्याचा दगड बसला, चुना वाळला. आता खालचे लाकडी टेकू काढायचे. तिथली रीत अशी, की टेकू काढताना कमान रचणाऱ्यानं तिच्याखाली उभं राहायचं. एड्रिक हात जोडून उभा राहिला. रॉजर मात्र दाराशीच. "चूक त्याची होणार, मी का मरू?"

शेवटचा टेकू निघाला आणि कडाड् आवाज झाला! माथ्याचा दगड निसटला. "बाबा, पळा!" एड्रिकची लेक मॉड किंचाळली. पळणार कुठे? त्या धुळीत त्याला दिसतंय काय!

महाराज शांतपणे कमानीखाली गेले. म्हाताऱ्याचा हात धरून वर बघत म्हणाले, "देवा, घर तुझं, हे लेकरूही तुझंच. सांभाळ."

आणि काय सांगू! एवढा मणामणाचा दगड, चार बोटं खाली येऊन जागच्या जागी थांबला. धूळ बसली, तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. उजव्या बाजूचा एकही सांधा हलला नव्हता. भेग गेली होती ती डावीकडे, रॉजरच्या कामात.

रॉजर धावत येऊन महाराजांच्या पाया पडू लागला. महाराजांनी त्याला धरलं. "माझ्या नको रे. तुझ्या चुकीखाली उभा कोण होता?"

रॉजरनं एड्रिकच्या चुन्यानं माखलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो हमसून हमसून रडला. म्हाताऱ्यानं चाचपत त्याचे खांदे धरले.

"ऊठ पोरा, टेकू आण. तुझी बाजू दोघं मिळून पुन्हा रचू."