कडुनिंबाची सावली

एकदा एक व्यापारी आपला लाडका कुत्रा बरोबर घेऊन एका वृद्ध आचार्यांचे प्रवचन ऐकायला आला. वैशाखाचे दिवस होते. सकाळच्या वेळी त्याने कुत्र्याला अंगणातल्या कडुनिंबाच्या दाट सावलीत बांधले, पुढ्यात पाण्याचे भांडे ठेवले आणि तो निश्चिंत मनाने आत जाऊन बसला.

प्रवचन रंगात आले आणि बाहेर कुत्रा भुंकू लागला. काही केल्या थांबेचना! श्रोते चुळबुळले, व्यापारी ओशाळला. आचार्यांच्या शेजारी बसलेला शिष्य तर पार वैतागला. एवढी रसाळ वाणी आणि त्यात हा व्यत्यय! काही वेळाने भुंकणे आपोआप थांबले, तेव्हा कुठे सभेला हायसे वाटले.

आचार्य मात्र वाक्य अर्धवट सोडून उठले आणि देवापुढचा पाण्याचा कलश उचलून बाहेर धावले.

शिष्य चक्रावून मागोमाग गेला. सावली केव्हाच कुंपणापलीकडे सरकली होती. भांडे लवंडले होते आणि रणरणत्या उन्हात कुत्रा निपचित पडला होता. आचार्यांनी दोर सोडून त्याला ओसरीवर आणले, पंजांवर आणि पोटावर पाणी ओतले आणि ते उपरण्याने वारा घालत राहिले.

"महाराज, वाचेल ना हो माझा मोत्या?" व्यापाऱ्याने धावत येऊन विचारले.

बऱ्याच वेळाने मोत्याने मान उचलली आणि तो दोन घोट पाणी प्यायला. व्यापाऱ्याला रडू आवरले नाही.

शिष्याने विचारले, "गुरुदेव, तो भुंकत होता तेव्हा आपण उठला नाहीत. गप्प झाल्यावर धावलात. असे का?"

"भुंकत होता तेव्हाच उठायला हवे होते. बोलण्याच्या भरात मीही चुकलो," आचार्य म्हणाले. "बाळ, ऊन लागले की आपण उठून बाजूला बसतो. याने काय करावे? सावली सरकली, दोर तिथेच राहिला. तो आपल्याला हाका मारत होता. ज्याला आपण बांधले, त्याच्या सावलीकडे लक्ष ठेवणे आपले काम."

सगळ्यांसमोर स्वतःची चूक इतक्या सहजपणे सांगणाऱ्या गुरूंकडे शिष्य पाहतच राहिला. त्याचे मन आदराने भरून आले.

इतक्यात व्यापारी उठला. "आता घरीच नेऊन निजवतो याला. हळूहळू चालेल."

शिष्य लगबगीने पुढे झाला. "शेटजी, आधी त्या वाटेवर आपला तळहात टेकवून बघा."

व्यापाऱ्याने हात टेकवला आणि चटका बसताच मागे घेतला. मग तो मोत्याजवळ येऊन बसला. ऊन उतरेपर्यंत तिथून हलला नाही.