अडसरकाढे

“तुमची वाट मागच्या घळीतली. आज महादरवाजाकडे कशी?”

गोसावीबुवा दारातल्या दिव्यात तेल घालत होते. संध्याकाळी दिवा लावायचा, दार ओढून अडसर घालायचा आणि सकाळी तो काढायचा, यातच त्यांचं आयुष्य गेलेलं.

रेणुका उंबऱ्याबाहेर उभी होती.

“दादांचे गुडघे गेलेत. घळ आता जमत नाही. त्यांना एकदा गड बघायचाय. मी त्यांना याच दारातून आणणार.”

“आडनाव?”

“अडसरकाढे. तुम्हाला ठाऊक आहे, बुवा.”

ठाऊक कुणाला नव्हतं? तीनशे वर्षांपूर्वी गडाला वेढा पडला, दाणागोटा संपला आणि हिच्या पूर्वजाने आतून अडसर काढला. शत्रू आत आला. घराण्याचं मूळ आडनाव गावाने पुसून टाकलं. तेव्हापासून या घरचं माणूस या दाराला शिवत नाही. गडावर यायचं तर मागच्या घळीतून, हातापायांवर. आणि ज्यांना गडाचा ‘ग’ माहीत नाही ते ट्रेकवाले याच दारात पाय पसरून फोटो काढतात. याचाच रेणुकाला संताप होता, आणि रास्त होता.

“आडनाव बदलायचं. पुष्कळांनी बदललं.”

“मी नाही बदलणार. त्याने केलं ते केलं. पण आता आम्ही रांगणार नाही.”

बुवांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

“दादा कुठायत?”

“खालच्या पायरीवर. दाराकडे पाठ करून बसलेत. म्हणतात, आपला हात लागला तर दार बाटेल.”

सूर्य डोंगराला टेकला होता. बुवा उठले. भिंतीतल्या खोबणीतून त्यांनी सागवानी अडसर हातभर बाहेर ओढला.

रेणुकाने उंबऱ्यात पाय रोवला.

“लावून तर बघा, बुवा.”

बुवांनी अडसर तसाच सोडला आणि बाजूला झाले.

“मी नाही लावत. दादांना हाताला धरून आत आण. आज अडसर ते घालतील.”

रेणुकाचा पाय उंबऱ्यातच राहिला.

“आणि सकाळी?” तिने कसंबसं विचारलं.

बुवांनी दिव्याची वात सारखी केली.

“सकाळी काढायचाही त्यांनीच.”