चिमाईची पट्टी

जरा जपून, बांधाच्या कडेनं या. एवढा निगुतीनं खुरपलेला गहू, आणि झऱ्याजवळची ही हातभर पट्टी तेवढी चाकवतानं माजलेली, हे बघून पाहुणे हसतात. त्यांना कामचुकारपणा वाटतो. हसा, आमचे पूर्वजही हसलेच होते.

असं सांगतात, की फार पूर्वी आमच्या खडकवसरची रानं स्वच्छ म्हणून पंचक्रोशीत नावाजलेली. तण दिसलं की उपटायचं, बी धरायच्या आत जाळायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच. एक चिमाई तेवढी, मुलंबाळं नसलेली विधवा, झऱ्याकाठच्या तुकड्यातला चाकवत उपटत नसे. खुरपणाऱ्या बायका विचारायच्या, "चिमे, औंदा गहू पेरलायस का चाकवत?" ती म्हणायची, "असू द्या. त्यालाबी जगायचंय."

मग सलग दोन वर्षं पाऊस आला नाही. गहू गेला, ज्वारी गेली. लोक तण शोधायला रानात उतरले, तर तणही नाही. जमिनीत बी कुणी शिल्लकच ठेवलं नव्हतं. चिमाईनं आपली पट्टी सगळ्यांना मोकळी केली. महिनाभर गाव त्या पाल्यावर जगलं. शेवटची दहा-बारा झाडं उरली, तेव्हा मात्र तिनं भोवती काट्या लावल्या आणि काठी घेऊन राखणीला बसली. एक पान तोडू देईना. पुढं ती झाडं कापून घरात नेली आणि आतून कडी घातली.

गाव खवळलं. म्हातारी एकटीच खातेय, अशी बोंब उठली. भरदुपारी जमाव दारात गेला. हाका मारल्या, कडी काही निघेना. राणोजी म्हणून एक जण होता, त्यानं लाथ घालून दार मोडलं.

आत चूल थंड. चुलीत राखसुद्धा नव्हती. चिमाई भिंतीला टेकून बसलेली, पोट पाठीला लागलेलं, आणि जीव गेलेला. पुढ्यात सुपात लुगड्याच्या चिंध्यांच्या पुरचुंड्या होत्या, प्रत्येकीत चिमूटभर काळं बी. गावात घरं छत्तीस. पुरचुंड्या पस्तीस निघाल्या. दार मोडणाऱ्याच्या घराचीही त्यांत होती. कमी होती ती तिची स्वतःची.

कुणी रडलं नाही. रडायला तोंडच राहिलं नव्हतं. त्याच दुपारी गावानं झऱ्याकाठी ते बी पेरलं आणि ओंजळीनं पाणी घातलं. तीन आठवड्यांत पाला आला, गाव तगलं.

तो राणोजी आमच्याच घराण्यातला.

आजही खुरपणीच्या वेळी इथं प्रत्येक जण आपल्या रानात हातभर पट्टी सोडतो. आजही पहिला चाकवत आमच्या चुलीवर शिजतो आणि पातेलं घेऊन आम्ही घरोघरी फिरतो. सगळ्या गावाचा घास झाला, की मग आम्ही बसतो. कधी उरतो, कधी नाही. नाही उरला तर त्या दिवशी तसेच उठतो.

यंदा नाही उरला.